किरणोत्सवानंतरचा दिवस: वसंतात झोप, मन आणि दिनक्रम कसा जुळवायचा

वर्षातून दोनदा मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतं. एकदा ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, दुसऱ्यांदा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. आधी चरणांवर, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण या दोन किरणोत्सवांमध्ये लपलेली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, आणि हा लेख त्या एका गोष्टीवरच उभा आहे.

२१ डिसेंबर हा आपला सगळ्यात लहान दिवस. दोन्ही किरणोत्सव त्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात: एक चाळीसेक दिवस आधी, दुसरा चाळीसेक दिवस नंतर. म्हणून सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावर त्याच जागी मावळतो आणि किरणं त्याच वाटेनं आत येतात. दिवसाची लांबीही तीच, साधारण ११ तास २५ मिनिटं. आता घड्याळ बघा. नोव्हेंबरात सूर्य ६.३५ च्या सुमारास उगवून सहाला मावळतो. फेब्रुवारीत तो उगवतो ७.०५ ला आणि मावळतो साडेसहाला. दिवस तेवढाच, पण सगळाच्या सगळा अर्धा तास पुढे सरकलेला.

पृथ्वीचा आस कललेला आहे आणि सूर्याभोवतीची तिची वाट पूर्ण गोल नाही, म्हणून सूर्य डोक्यावर येण्याची वेळ वर्षभर मागेपुढे होते. त्यात आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर, आणि कोल्हापूर आहे ७४.२ अंशांच्या आसपास. आपली खरी माध्यान्ह त्यामुळे मुळातच बाराच्या अर्धा तास पुढं असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.१७ ला होते, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४७ ला.

म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपला दिवस संध्याकाळच्या बाजूला सरकतो. पहाट मात्र काळोखीच राहते, उलट जानेवारीत ती आणखी उशिरा होते. आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून उलटी गंमत सुरू होते. कोल्हापूरचे अंदाजे आकडे असे:

२० फेब्रुवारी: उगवतो ६.५७, मावळतो ६.३७
२१ मार्च: उगवतो ६.३८, मावळतो ६.४५
१५ एप्रिल: उगवतो ६.१८, मावळतो ६.४८
१५ मे: उगवतो ६.०२, मावळतो ६.५६

बारा आठवड्यांत सूर्योदय तब्बल ५५ मिनिटं अलीकडे येतो, सूर्यास्त मात्र वीस मिनिटंही पुढे जात नाही. आपला वसंत पहाटेच्या बाजूनं वाढतो. दिनक्रम बदलायचा तर तो सकाळच्या टोकाला बदलायचा, संध्याकाळच्या नाही.

हे मी चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका परदेशी लेखात वाचलं होतं की वसंतात संध्याकाळ मोठी होते, तिचा फायदा घ्या, कामावरून आल्यावर बाहेर पडा, भटका, उशिरापर्यंत उजेडात राहा. मी मार्चपासून रंकाळा तलावावर रोज संध्याकाळी सात वाजता फिरायला जाऊ लागलो. तिथून घरी यायला नऊ, जेवायला साडेनऊ-दहा, अंथरुणाला पाठ टेकायला बारा. आणि सव्वापाचला घरामागच्या आंब्यावर कोकीळ सुरू. त्या एप्रिलमध्ये मी घरातल्या प्रत्येकावर ओरडलो. आई एकदा शांतपणे म्हणाली, "तुझी झोप होत नाही रे, बाकी काही नाही." लेख चुकीचा नव्हता, तो लंडनचा होता. तिथला हिवाळ्यातला दिवस आठ तासांच्याही आतला आणि जूनमधला साडेसोळा तासांचा. आपला ११ तास ७ मिनिटांपासून सुरू होऊन १३ तास ८ मिनिटांवर थांबतो. तिथली औषधं इथल्या दुखण्याला लागू होत नाहीत.

शरीरात काय होतं, तेवढं समजून घेऊ

डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम वस्तू दाखवणं नाही, बाहेर उजेड किती आहे हे मेंदूला कळवणं हे आहे. तो निरोप मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे जातो. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं, शरीराला रात्र झाल्याचं सांगतं. उजेड ते दाबून टाकतो. बहुतेक माणसांचं हे आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे मोकळं सोडलं तर ते रोज थोडं थोडं उशिराकडे सरकतं. सकाळचा उजेड त्याला मागे ओढून जागेवर आणतो. रात्रीचा प्रखर उजेड त्याला आणखी पुढे ढकलतो. या घड्याळाचं पेशींमधलं यंत्र उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मनाचा संबंध इथेच येतो. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं. तिकडच्या लांबच लांब अंधाऱ्या महिन्यांत ते जास्त दिसतं. आपल्याकडे उजेडाचा तेवढा दुष्काळ कधीच नसतो. आपल्या वसंतात मन बिघडतं ते बऱ्याचदा दुसऱ्या वाटेनं: पहाट लवकर होते म्हणून जाग लवकर येते, रात्र उकाड्यात जाते म्हणून झोप उशिरा लागते, आणि दोन्हीकडून कुरतडलेली झोप चिडचिड होऊन बाहेर पडते. त्यावर मार्चअखेरचे हिशेब, मुलांच्या परीक्षा आणि लग्नसराई.

आधी आठवडाभर नुसती वही

काहीही बदलण्याआधी सात दिवस एका वहीत चार गोष्टी लिहा. झोप लागली किती वाजता (अंदाजानं, मोबाइल बघून नाही), जाग कधी आली, सकाळी उठल्यापासून पहिल्या तासात उघड्यावर किती मिनिटं गेली, आणि दुपारी चारला मन कसं होतं, एका शब्दात. चार वाजताच का? दिवसभराचा शीण आणि चहाची तलफ तेव्हा एकत्र येतात, मन तेव्हा खोटं बोलत नाही. माझ्या वहीत एका मार्चमधल्या आठवड्यात चार दिवस "जड" आणि दोन दिवस "रागीट" लिहिलेलं आहे, आणि त्या सगळ्या दिवसांपुढे उघड्यावरच्या मिनिटांच्या जागी शून्य आहे. घरातून थेट गाडीवर, गाडीवरून थेट ऑफिसात. ती वही बघितल्यावर मला कुणी काही पटवून द्यावं लागलं नाही.

गजर रविवारी पाच मिनिटं अलीकडे

बारा आठवड्यांत ५५ मिनिटं, म्हणजे आठवड्याला पाचच्या आत. सूर्य स्वतःच इतक्या सावकाश चालतो, तर आपण एका सोमवारी उठून साडेपाचचा गजर लावायचा आणि गुरुवारी सोडून द्यायचा, हे कशाला? फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी गजर आहे त्या वेळेपासून पाच मिनिटं अलीकडे घ्या. पुढच्या रविवारी आणखी पाच. सातला उठणारा माणूस मेच्या मध्यापर्यंत सव्वासहाच्या आत येतो आणि त्याला ते जाणवतही नाही.

अट एकच, आणि लोक नेमकी तीच विसरतात: रात्रीची वेळही तेवढीच अलीकडे आली पाहिजे. आपल्या तालमींतली पोरं पहाटे मेहनतीला येतात याचं सगळ्यांना कौतुक, पण ती रात्री कधी झोपतात हे कुणी विचारत नाही. पहाटेच्या जोर-बैठका रात्रीच्या वेळेवरच्या झोपेतून येतात.

सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास जास्त झोपलात तर आठवड्याची कमाई जाते. फार तर अर्धा-पाऊण तास.

सकाळचा उजेड: या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल

उठल्यापासून तासाभरात वीस ते तीस मिनिटं छताबाहेर घालवा. खिडकीजवळ बसणं पुरत नाही. आपल्या दिवाणखान्यात दिवे लावून साधारण शंभर ते तीनशे लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो हजारांत असतो, लख्ख उन्हात लाखाच्या घरात जातो. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण बुबुळ लगेच जुळवून घेतं. आतल्या घड्याळाला मात्र तो चांगलाच कळतो. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, त्यानं डोळा कायमचा दुखावतो. नुसतं उघड्यावर असायचं. झाडाखाली असलात तरी चालेल. गॉगल मात्र एवढा वेळ खिशात.

कुठं जायचं हा प्रश्न कोल्हापुरात पडू नये. रंकाळा आहे, पंचगंगेचा घाट आहे, शिवाजी विद्यापीठाचा झाडीचा परिसर आहे, टाउन हॉलची बाग आहे. पण फिरायला जाणं हाच एक मार्ग नाही, आणि जमत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. चहाचा कप घेऊन गच्चीवर जा. पेपर अंगणात वाचा. मुलाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला चालत जा, मार्चनंतर अनेक शाळा सकाळच्या होतात, ते आयतंच जमतं. दूध आणायला गंगावेशेतल्या कट्ट्यावर जाणारे लोक मी बघतो: म्हशी उभ्या असतात, चरवीत धार पडण्याचा आवाज येत असतो, कुणी तिथंच फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावून उभा असतो. पाव तास गप्पा होतात. त्यांनी उजेडाबद्दल एक ओळ वाचलेली नसेल, तरी त्यांचा सकाळचा हिशेब पुरा होतो.

मार्चमध्ये सात ते आठ ही वेळ उत्तम. एप्रिलअखेर साडेसहा ते सव्वासात. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माध्यान्हीला कोल्हापूरच्या थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत नऊनंतरचं ऊन म्हणजे नुसता ताप. उशिरा जाऊन घामाघूम होण्यापेक्षा लवकर दहा मिनिटं बरी.

दुपार

हिच्याशी भांडू नका. एक ते चार जड काम टाळता येत असेल तर टाळा. जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांची वामकुक्षी चांगली, तीनच्या आत आटपलेली. दोन तास ताणून दिली तर ती रात्रीच्या झोपेतून वसूल होते. आणि चहा: कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या कटिंगमधलं निम्मं रात्री अकराला अजून अंगात असतं. शेवटचा चहा चारचा ठेवा. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला चहा नको म्हणणं कठीण असतं, मला ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये कोकम सरबत, ताक, पन्हं पुढं करा, कुणी वाईट मानत नाही.

संध्याकाळ लवकर मिटवायची

दिवस लांबला असं आपल्याला वाटतं ते खरं तर हवेमुळे. सातनंतर वारा सुटतो, माणसं बाहेर पडतात, आईस्क्रीमच्या गाड्यांभोवती गर्दी होते, क्रिकेटचा सामना साडेसातला सुरू होऊन अकराच्या पुढे जातो. हे सगळं सोडा असं मी म्हणणार नाही. पण आठवड्यातले पाच दिवस तरी असे ठेवा: आठच्या आसपास जेवण, नऊनंतर घरातले पांढरे प्रखर दिवे बंद, एखादा पिवळा मंद दिवा चालू. मोबाइल अंथरुणात न्यायचा नाही. सामना बघायचाच असेल तर टीव्हीवर, लांबून, बाकीची खोली अंधारी ठेवून. हातातला पडदा डोळ्याच्या फार जवळ असतो आणि तो बंद करायला कुणी सांगत नाही.

तांबडा-पांढरा दुपारी. रात्री दहाला तिखट रस्सा ओरपून अकराला झोप मागणं म्हणजे पोटावर अन्याय.

झोपायची जागा

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. आपल्याकडच्या नव्या घरांत वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता नेमकी रात्री नऊ ते एक खाली सोडतो. पश्चिमेची खोली असेल तर विचारूच नका. यावर आमच्या घरी तीन गोष्टी चालतात. दुपारी पश्चिमेच्या खिडक्या जाड पडदा ओढून पूर्ण बंद, सूर्य मावळला की सगळ्या सताड उघड्या. संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी शिंपडायचं. पहिल्या तांब्यालाच फरशी चर्र आवाज करते आणि तापल्या सिमेंटचा वास येतो, तिसऱ्या-चौथ्या वेळी तो आवाज थांबतो, तेव्हा पुरे. आणि झोपण्याआधी कोमट पाण्यानं अंघोळ. गार नाही, कोमट. कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते.

गच्चीवर झोपणं सुंदरच, पण तिथे एक अडचण आहे. सूर्योदयाच्या वीस-बावीस मिनिटं आधीच उजाडलेलं असतं, म्हणजे मेमध्ये ५.४० ला डोळ्यावर उजेड. दहाला झोपणाऱ्याला ते वरदान आहे, बाराला झोपणाऱ्याला शिक्षा. उशीर झाला असेल त्या रात्री डोळ्यांवर सुती उपरणं दुमडून ठेवा किंवा खाली खोलीत झोपा. मच्छरदाणी विसरू नका. आणि वळीव येईल तेव्हा गादी गोळा करून जिन्यात धावावंच लागेल, त्याला इलाज नाही.

ज्यांना हे सरळ लागू होत नाही

वयस्कर माणसांची जाग मुळातच लवकर येते. एप्रिलमध्ये साडेचारलाच उठून बसत असतील तर त्यांना सकाळच्या उजेडाची आणखी मात्रा देऊ नका. त्यांच्यासाठी उलट करायचं: संध्याकाळी पाच ते साडेसहा उघड्यावर बसवायचं, देवळात, कट्ट्यावर, बागेत. संध्याकाळचा उजेड त्यांचं घड्याळ थोडं पुढे ढकलतो आणि पहाटेची झोप जरा लांबते.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना सकाळचं ऊनच शत्रू आहे. पाळी सुटल्यावर गॉगल घालून थेट घरी, खोली शक्य तितकी काळोखी, आणि घरच्यांनी दुपारी एकपर्यंत हाक मारायची नाही. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याचंही तेच. ज्या आठवड्यात रात्रीची वीज आहे त्या आठवड्यात सकाळी लवकर उठण्याचे नियम बाजूला ठेवा; सलग झोप आधी, बाकी नंतर.

दहावी-बारावीच्या मुलांचं आतलं घड्याळ वयामुळेच उशिराकडे झुकलेलं असतं, तो आळस नव्हे. त्यांना पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवण्यापेक्षा किमान आठ तास झोपू द्या आणि सकाळी वही घेऊन गच्चीवर पाठवा.

मन हलकं, मन अस्वस्थ, आणि मन फारच उंच

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, आंब्याला मोहोर असतो, आणि पुष्कळांना खरंच उत्साह वाटतो. तो उत्साह नव्या कामाला लावा, पण गुढीपाडव्याला एकदम पाच संकल्प करू नका. एक करा.

काहींना मात्र या दिवसांत सगळे आनंदात आणि आपण एकटेच मागे असं वाटतं. लग्नाच्या मांडवात हे जास्त टोचतं. अशा वेळी वहीतले झोपेचे तास आधी बघा. दोन आठवडे नीट झोप आणि सकाळचा उजेड मिळूनही मन वर येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो हवेचा दोष नाही, डॉक्टरांना भेटायची वेळ आहे.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ज्यांना द्विध्रुवी विकार म्हणजे बायपोलर आहे, त्यांच्यात वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उन्मादाचे झटके वाढलेले अनेक देशांत दिसलेले आहेत. खूण बहुधा झोपेतच आधी दिसते: तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलणं भरभर, खर्च सुटलेला, डोक्यात एकामागून एक बेत. घरच्यांना वाटतं, बरं झालं, माणूस उत्साहात आहे. अशा माणसाला पहाटे उठवून उन्हात नेऊ नका, सकाळच्या उजेडाचा वरचा सल्ला त्याला परस्पर लावू नका. त्याच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात फोन करा. औषध चालू असेल तर ते स्वतःहून थांबवायचं नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं कळत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं.

मिरग आल्यावर

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवत असतो, म्हणजे पहाट सगळ्यात अलीकडे आलेली असते, आणि नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं. बसवलेली सवय बहुतेकांची इथे मोडते. गजर तिथेच ठेवा. ढगांतून येणारा उजेड कमी असतो, म्हणून वीस मिनिटांच्या जागी चाळीस बसा: ओसरीवर, गॅलरीत, पावसाच्या शिंतोड्यापासून हातभर आत. आमच्याकडे तेव्हा पेपर थोडा दमट येतो. आई तो पंख्याखाली पसरते, आणि मग आम्ही दोघं दार उघडं टाकून उंबऱ्याजवळ खुर्च्या ओढतो.